शर्यतीत पाय उचलायचा? एफ-वनचे ऊर्जेचे नियम आणि ड्रायव्हरचं कसब

कृष्णाकाठ (सांगली) · रविवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. दुपारी घरात एक वाद झाला, तो अजून डोक्यातून जात नाही म्हणून इथे मांडतोय.

पुतण्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एफ-वनचा, म्हणजे फॉर्म्युला वन मोटार शर्यतींचा वेडा. त्याचं म्हणणं, २०२६ च्या नियमांनी शर्यतीची वाट लावली. गाडीची जवळपास निम्मी ताकद आता विजेची. ती बॅटरी एकाच लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीत, पुन्हा पुन्हा भरायची आणि रिकामी करायची, त्यासाठी सरळ रस्त्यावर ब्रेकची जागा यायच्या आधीच ड्रायव्हरनं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. "काका, जो पाय उचलतो तो रेसर कसला?" हे त्याचं वाक्य.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. बरीच वर्षं सांगली-रत्नागिरी, आंबा घाटातून. तेव्हा प्रत्येक ड्रायव्हरच्या नावावर डिझेलचं ॲव्हरेज लागायचं. तीच गाडी, तोच घाट, तेवढेच प्रवासी, तरी दोघांच्या डिझेलमध्ये फरक पडायचा. शाळेच्या सुट्टीत मी बॉनेटशेजारी बसून वडिलांचा पाय बघत असे. वळण दिसायच्याही आधी तो हलका व्हायचा. मागच्या सीटवर झोपलेल्या माणसाला कळायचंसुद्धा नाही आणि गाडी वेळेवर पोचायची.

त्यामुळे पुतण्याचं मला पटेना. पण त्याला उत्तरही देता येईना, कारण एसटी पोचवायची असते आणि शर्यत जिंकायची असते. ऊर्जा राखून चालवणं हे कसब आहे, की कसबाला बांधलेलं दावं? जाणकारांनी मनापासून लिहावं, पुतण्याला वाचायला देणार आहे.

खंबाटकी (सातारा) · रविवार, रात्री १०:१५

पुतण्याच्या बाजूनं लिहितो.

२०११ साली दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटला पहिली इंडियन ग्रां प्री झाली तेव्हा साताऱ्याहून आम्ही चौघे गेलो होतो. २.४ लिटरची व्ही-८ इंजिनं, मिनिटाला १८,००० फेरे. तो आवाज कानाआधी छातीत येतो. क्वालिफाइंगच्या, म्हणजे शर्यतीआधी सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या, लॅपला माणूस आणि यंत्र दोघंही आपापल्या टोकाला पोचलेले दिसायचे. एफ-वन मी त्यासाठी बघतो. त्या लॅपमध्येही वीज साठवायला पाय उचलावा लागणार असेल, तर तो लॅप कुणाचा म्हणायचा?

विश्वविजेता ड्रायव्हर वर्स्टापेननं हे २०२३ मध्येच सांगून ठेवलं होतं. सिम्युलेटरचे आकडे बघून तो म्हणाला होता की मॉन्झासारख्या ट्रॅकवर सरळ रस्ता संपायच्या चार-पाचशे मीटर आधीच गिअर खाली टाकावे लागतील.

आणि मी विजेच्या विरोधात आहे असं समजू नका. २००९ मध्ये केर्स, म्हणजे ब्रेकमध्ये वाया जाणारी ऊर्जा साठवणारी यंत्रणा, आलं तेव्हा ६० किलोवॅटची जादा ताकद लॅपमध्ये साधारण साडेसहा सेकंद मिळायची. ती कुठे खर्चायची हे ड्रायव्हर ठरवायचा, बटण त्याच्या अंगठ्याखाली होतं. मला ते आवडायचं.

प्रीतिसंगम (कराड) · रविवार, रात्री १०:३२

दादा, मी सातारा हिल हाफ मॅरेथॉन तीनदा धावले आहे. यवतेश्वराचा चढ पहिल्या निम्म्यात येतो. तिथे छाती फुटेस्तोवर पळालेली माणसं उतारावर चालत येताना मी दर वेळी बघते. राखून पळाले म्हणून मला कुणी धावपटू नाही म्हटलेलं नाही. शंभर मीटरची शर्यत वेगळी, ही वेगळी.

खंबाटकी (सातारा) · रविवार, रात्री १०:४०

ताई, मान्य. पण क्वालिफाइंग ही शंभर मीटरचीच शर्यत होती. तिला मॅरेथॉन केलं, ही माझी तक्रार आहे.

जुनी_पानं (मिरज) · सोमवार, सकाळी ७:०५

इंधन राखून शर्यत करणं आत्ता सुरू झालं असं वाचणाऱ्यांना वाटू नये म्हणून थोडं मागचं लिहितो.

१९८४ मध्ये एफ-वननं शर्यतीत इंधन भरायला बंदी केली आणि टाकीला २२० लिटरची मर्यादा घातली. १९८६ ला ती १९५ वर आणली, १९८८ ला टर्बो गाड्यांसाठी १५०. टर्बोचं बूस्ट, म्हणजे इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, कमी-जास्त करायची खुंटी ड्रायव्हरच्या हाताशी. बूस्ट वाढवलं की गाडी उडायची आणि टाकी आटायची.

१९८५ ची इटलीतली इमोलाची शर्यत आठवा. ड्रायव्हर आयर्टन सेना पुढे होता, थोडे लॅप उरले असताना त्याची टाकी कोरडी पडली. मग योहान्सन पुढे आला, त्याचंही इंधन संपलं. ॲलन प्रोस्टनं शेवटची रेघ आधी ओलांडली, तर गाडी दोन किलो हलकी भरली म्हणून तो बाद. विजय एलियो डी अँजेलिसच्या नावावर लागला.

पुढच्या वर्षी हॉकेनहाइमला शेवटच्या लॅपमध्ये खुद्द प्रोस्टचं इंधन संपलं. तो उतरून गाडी ढकलत होता. ज्या माणसाला 'प्रोफेसर' म्हणायचे त्याचाही हिशोब चुकू शकत होता, इतकं ते अवघड होतं. आणि त्याच वर्षी ॲडलेडला शेवटच्या शर्यतीत त्याच्या गाडीतला कॉम्प्युटर पाच लिटर कमी दाखवत होता. त्या आकड्यावर विश्वास ठेवून वेग कमी केला असता तर विजेतेपद गेलं असतं. प्रोस्ट तसाच चालवत राहिला, जिंकला, आणि प्रतिस्पर्धी मॅन्सेलवर दोन गुणांनी विश्वविजेता झाला. रेघ ओलांडल्यावर लगेच गाडी थांबवून खाली उतरला.

तेव्हाही लोक म्हणत होते की ही शर्यत नाही, ही काटकसर आहे. आज त्याच वर्षांना सुवर्णकाळ म्हणतात. १९८८ ला टर्बोंना आवळण्यासाठी १५० लिटर केले, तरी मॅक्लारेन-होंडानं सोळापैकी पंधरा शर्यती घेतल्या.

मोजपट्टी (कुपवाड) · सोमवार, रात्री ९:५०

कंपनीतून आत्ता आलो. आकडे मांडतो, म्हणजे बोलायला जमीन मिळेल. पोस्ट लांबेल.

२०१४ ते २०२५ च्या गाड्यांत दोन मोटरी होत्या. एक एमजीयू-के, चाकांशी जोडलेली, १२० किलोवॅटची. दुसरी एमजीयू-एच, टर्बोच्या दांड्यावर बसलेली, एक्झॉस्टच्या वाफाऱ्यातून वीज काढणारी. पाय पूर्ण दाबलेला असतानाही ती वीज बनवत राहायची, त्यामुळे त्या विजेसाठी ड्रायव्हरला वेगळी किंमत मोजावी लागत नव्हती. २०२६ ला ही दुसरी मोटर काढून टाकली आणि पहिली जवळजवळ तिप्पट केली, ३५० किलोवॅट. इंजिन साधारण ४०० किलोवॅटचं राहिलं. सगळ्या भानगडीचं मूळ या बदलात आहे.

बॅटरीतली वापरायची जागा ४ मेगाज्यूल. ३५० किलोवॅटनं ओढली तर साडेअकरा सेकंदांत कोरडी. लॅप असतो दीड मिनिटाचा. म्हणजे लॅपमध्ये ती दोन-दोनदा भरायला हवी.

भरायची कशी? साधारण ८०० किलोची गाडी ताशी ३२० नं धावत असेल तर तिच्या वेगात ३ मेगाज्यूलच्या वर ऊर्जा असते. वाटतं, एका ब्रेकमध्ये बॅटरी बरीचशी भरेल. पण मोटर ३५० किलोवॅटपेक्षा जास्त ओढू शकत नाही आणि तो ब्रेक अडीच सेकंदांत संपतो. गुणाकार करा, ८७५ किलोज्यूल. एक मेगाज्यूलही नाही. बाकीची ऊर्जा हवेत आणि ब्रेकच्या डिस्क तापवण्यात जाते. लॅपमध्ये असे सहा मोठे ब्रेक धरले तरी पाचाच्या आसपास अडकतो. नियम मात्र लॅपला साधारण साडेआठ मेगाज्यूलपर्यंत भरायची मुभा देतो, ट्रॅकप्रमाणे कमी. मधली तूट भरून काढायला दोन मार्ग मुख्य. ब्रेकच्या आधी पाय उचलून गाडी घरंगळू द्यायची, तिला लिफ्ट अँड कोस्ट म्हणतात. किंवा पाय पूर्ण दाबलेलाच ठेवायचा आणि सरळ रस्त्याच्या शेवटी मोटरनं उलटं काम करून इंजिनची ताकद बॅटरीत वळवायची. याला सुपरक्लिपिंग म्हणतात.

दोन्ही गोष्टी सरळ रस्त्याच्या शेवटीच का? हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनानं. ताशी ३०० च्या वर ओतलेली वीज बहुतेक हवाच खाते. तीच वीज वळणातून बाहेर पडताना, १०० च्या आसपास दिली, तर मिळालेला वेग पुढचा सगळा सरळ रस्ता कामाला येतो. म्हणून नियमातही ताशी २९० नंतर मोटरची ताकद उतरत जाते आणि ३४५ ला शून्य होते. पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असलेल्याला जादा ऊर्जा मिळते आणि त्याची पूर्ण ताकद ३३७ पर्यंत टिकते. ओव्हरटेक करताना मागचा पंख उघडून वेग वाढवणारं जुनं डीआरएस गेलं, त्याच्या जागी हे आलं.

आता कसबाकडे येतो. वळणात ज्याचा वेग ताशी पाचनं जास्त राहिला, त्याला बाहेर येताना तेवढी वीज कमी लागते. वळणात राखलेला वेग ही सगळ्यात स्वस्त ऊर्जा. २०१४ मध्ये शर्यतीला १०० किलो इंधनाची मर्यादा आली, तेव्हा टीव्हीवर प्रत्येकाचं इंधन दाखवायचे. हॅमिल्टन अंगावर घेऊन चालवणारा, त्याला जास्त लागेल असा सगळ्यांचा अंदाज होता. बऱ्याच शर्यतींत त्याचा आकडा त्याच्याच टीममधल्या रॉसबर्गपेक्षा कमी निघाला. मला त्या दिवसांत पहिल्यांदा कळलं की वेग आणि काटकसर एकाच पायात असू शकतात.

हे मी स्वतःही शिकलोय, फार वाईट रीतीनं. कॉलेजात आम्ही विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धेसाठी विजेवरची गाडी बांधली होती. त्या नियमांत ८० किलोवॅटची मर्यादा असते आणि शेवटची मोठी परीक्षा २२ किलोमीटरची, अर्ध्यात ड्रायव्हर बदलायचा. पहिला अर्धा माझा. मी प्रत्येक वळणाला उशिरा ब्रेक, जोरात ब्रेक, मग पुन्हा पूर्ण पाय. वाटत होतं, काय जबरदस्त चालवतोय. दुसरा ड्रायव्हर तासगावकडचा, घरी द्राक्षबाग, सहावीपासून ट्रॅक्टर आणि ब्लोअर चालवलेला. त्याचा लॅप माझ्यापेक्षा अर्ध्या सेकंदानं हळू, पण वीज माझ्यापेक्षा कितीतरी कमी. तरीही मी आधीच इतकं जाळून ठेवलं होतं की दोन लॅप बाकी असताना गाडी त्याच्या हातात बंद पडली. वर्षभर बारा जणांनी रात्री जागवल्या होत्या. तो मला एक शब्द बोलला नाही. डेटा उघडून फक्त त्याच्या ॲक्सिलरेटरची रेघ दाखवली. माझी रेघ करवतीसारखी होती, त्याची कृष्णेच्या वळणासारखी.

तेव्हा कृष्णाकाठ, तुमच्या वडिलांचा पाय मला न बघता समजतो.

वाईकर (वाई) · सोमवार, रात्री १०:३०

मोजपट्टींच्या हिशोबाला पसरणी घाटातून दुजोरा. माझी ईव्ही वाई ते पाचगणी चढताना साधारण १२ टक्के बॅटरी खाते, उतरताना ३ टक्के परत देते. मुलगा चालवतो तेव्हा दीडच टक्का परत येतो, कारण तो वळणापाशी जाऊन जोरात ब्रेक दाबतो. गाडी एक, घाट एक.

११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादला हुसेनसागराकाठी फॉर्म्युला ई, म्हणजे निव्वळ विजेवरच्या गाड्यांची शर्यत, झाली, तिथेही होतो. आघाडीवरच्या व्हर्नकडे मागच्या कॅसिडीपेक्षा बॅटरी कमी उरली होती. शेवटचे लॅप त्यानं कुठे रस्ता अडवायचा आणि कुठे पाय हलका करायचा हे असं काही जुळवलं की कॅसिडीला शिरताच आलं नाही. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे टायर कुठे ओरडतात ते ऐकू येत होतं. खंबाटकी, ती शर्यत तुम्ही कठड्यापाशी उभं राहून बघितली असती तर तुम्हालाही धडधडलं असतं.

चाकोरी (विटा) · मंगळवार, दुपारी १:१०

एफ-वन मी कधीमधी बघतो, आमची शर्यत बैलांची. तरी धागा सगळा वाचला, म्हणून लिहितो.

आमच्याकडं पूर्वी आरत-पारत व्हायच्या. जायचं, वळसा घालायचा, परत यायचं. जाताना ज्यानं कासरा सैल सोडला त्याची जोडी परतीला तोंडातनं फेस काढायची. जाणता गाडीवान जाताना दुसरा-तिसरा राहायचा. लोक बांधावरनं शिव्या घालायचे, की अरे हाण की. तो हाणायचा नाही. वळसा घेतला की सोडायचा. बैलाच्या कानावरनं, शेपटीवरनं त्याला कळायचं आत किती उरलंय.

आता चाकोरीतली सरळ शर्यत असती तिथंही एका दिवसात गट, सेमी आणि फायनल, तीनदा पळायचं. गटातच बैल पिळून काढला तर फायनलला काय उभं करणार?

दुसरी गोष्ट. सुप्रीम कोर्टानं १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी दिली, ती अटींवर. काठी नाही, चाबूक नाही, शॉक नाही. तेव्हा लई जण म्हणाले की आता शर्यतीत काय उरलं. मी म्हणतो तेव्हापासनं खरा गाडीवान दिसाया लागला. ज्याचं काठीवर भागत होतं ते मागं पडले. ज्यांच्या हाकेला बैल कान देतो ते पुढं आले.

पण पुतण्याचंही एक खरं हाय. कासरा गाडीवानाच्या हातात असतो. मालक कितीबी ओरडला तरी बैलाला ते कळत नाही. तुमच्या त्या गाडीत कासरा कुणाच्या हातात हाय, ते सांगा.

खंबाटकी (सातारा) · मंगळवार, रात्री ८:२०

चाकोरी भाऊ, दोन दिवस मला जे नीट सांगता येत नव्हतं ते तुम्ही एका वाक्यात विचारलंत.

प्रोस्टच्या हातात बूस्टची खुंटी होती, म्हणून ती काटकसर त्याची. केर्सचं बटण अंगठ्याखाली होतं, म्हणून तो खर्च त्याचा. माझा राग पाय उचलण्यावर आहे असं मलाच वाटत होतं, पण तसं नाही हे आता कळतंय. सुपरक्लिपिंगमध्ये पाय दाबलेला असताना गाडी स्वतःहून मंद होते. कुठे किती वीज सोडायची याचा नकाशा इंजिनिअर आधी आखून देतात, सॉफ्टवेअर तो पाळतं. माझा आक्षेप या जागेवर आहे.

२०१६ मध्ये एक प्रयत्न झाला होता. पिटमधून, म्हणजे ट्रॅककाठच्या टीमच्या जागेतून, ड्रायव्हरला रेडिओवर शिकवायचं नाही, असा नियम कडक केला. बाकूच्या शर्यतीत हॅमिल्टनच्या गाडीत इंजिनची सेटिंग चुकीची लागली. तो रेडिओवर विचारत राहिला, टीमला उत्तर द्यायची परवानगी नव्हती. रॉसबर्गलाही तोच त्रास झाला, त्यानं लवकर सोडवला आणि शर्यत जिंकली. जुलैअखेरीस तो नियम बराचसा मागे घेतला. लोकांना तो प्रकार हास्यास्पद वाटला होता, मलाही. आज मत थोडं बदललंय. मात्र स्टिअरिंगवरच्या डझनभर खटक्यांतून बरोबर खटका शोधणं, यालाच कसब म्हणायचं असेल तर ते मला नको. कासरा हातात द्यायचा तर साधा द्या.

मोजपट्टी (कुपवाड) · मंगळवार, रात्री ९:१५

फॉर्म्युला ई नं यातलं काही करून दाखवलंय. तिथे शर्यत चालू असताना गाडीतला डेटा थेट पिटमध्ये येत नाही. बॅटरी किती उरली हे ड्रायव्हर रेडिओवर वाचून सांगतो, मग इंजिनिअर हिशोब करतो. त्यामुळे आकडा आधी ड्रायव्हरच्या डोक्यातून जातो.

पण नियम कसबाला कसा गिळतो तेही तिथेच दिसलं. २४ एप्रिल २०२१, स्पेनमधलं व्हॅलेन्सिया. पाऊस, पुन्हा पुन्हा सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी), आणि प्रत्येक वेळी नियमाप्रमाणे सगळ्यांच्या ऊर्जेतून कपात. आघाडीवरच्या दा कोस्टानं शर्यतीची ठरलेली वेळ संपायच्या काही सेकंद आधी रेघ ओलांडली, म्हणून एक लॅप वाढला. त्या लॅपची वीज बहुतेकांकडे नव्हतीच. गाड्या रांगत होत्या, काही थांबल्या. डी व्रीस जिंकला. ती कुणाच्या पायाची परीक्षा नव्हती.

खंबाटकी, तुमच्या मुद्द्यात एकच भर. नकाशा इंजिनिअर आखतो हे खरं, पण तो ड्रायव्हरच्याच आधीच्या लॅपवरून आखतो. आणि लॅपमध्ये एका वळणाला मागचं चाक घसरलं, पाय मागे-पुढे झाला, की नकाशातला हिशोब चुकतो आणि पुढच्या सरळ रस्त्यावर वीज आधी संपते. म्हणजे चुकीची किंमत अजून ड्रायव्हरच भरतो, फक्त ती चुकीच्या जागेपासून आठशे मीटर पुढे वसूल होते. प्रेक्षकाला दोन्हीचा संबंध दिसत नाही. टीव्हीवर प्रत्येक गाडीची बॅटरी सतत दाखवली तर निम्मी नाराजी जाईल असं मला वाटतं.

प्रीतिसंगम (कराड) · मंगळवार, रात्री ९:४०

हो, हे पटलं. घाटात आपण कुणाला मागे टाकतो तेव्हा त्यानं आधी किती दम घालवलाय ते चेहऱ्यावर दिसतं. गाडीला चेहरा नाही.

कृष्णाकाठ (सांगली) · बुधवार, रात्री १०:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. पुतण्यानं धागा दोनदा वाचला. मोजपट्टींचा ८७५ किलोज्यूलचा हिशोब त्यानं वहीत स्वतः करून बघितला आणि मग बराच वेळ गप्प होता.

आज संध्याकाळी त्यानं मोबाइलवर गाडीच्या आतून काढलेला एक लॅप वडिलांना दाखवला. वडील ऐंशीच्या पुढे आहेत, पण नजर शाबूत आहे. खाली ॲक्सिलरेटरची पट्टी दिसते ती कशी वाचायची हे पुतण्यानं सांगितलं. त्यांनी लॅप पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा बघताना एका जागी बोट ठेवलं. "इथं पाय काढला. वळण अजून लांब हाय."

पुतण्या म्हणाला, "हो आजोबा, वीज वाचवायला."

"त्याचं त्यानं काढला, का कुणी सांगितलं?"

पुतण्यानं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं की ती जागा आधी ठरलेली असू शकते, काही गाड्यांत कानात बीप वाजवूनही सांगतात. त्यांनी पुन्हा लॅप लावला. पुढे एका सरळ रस्त्यावर पट्टी पूर्ण भरलेली होती आणि वेगाचा आकडा उतरत होता. तिथे ते थांबले. मोजपट्टींनी समजावलेलं सुपरक्लिपिंग मी माझ्या परीनं त्यांना सांगितलं.

"मग इथं हा काय करतोय?" त्यांनी विचारलं.

पुतण्या म्हणाला, "इथं काही नाही आजोबा. सरळ धरून बसलाय."

वडिलांनी मान हलवली, मग लॅप मागे नेऊन पाय काढलेली पहिली जागा पुन्हा बघितली. तिथे वळणात गाडी किती शांत शिरते ते पुतण्याला बोटानं दाखवत होते. जेवायला हाक मारली तरी दोघं तिथंच बसले होते.